सोलापुरातून नाटक, संगीत, नृत्याच्या पदवीला अर्ज करताना

बारावीचा निकाल हातात आल्यावर नाट्यशास्त्राचा किंवा संगीताच्या पदवीचा विचार सुरू केला, तर निम्मा वेळ हातातून गेलेला असतो. बहुतेक ठिकाणच्या प्रवेशाच्या जाहिराती उन्हाळ्यात येतात. अर्ज भरायला थोडेच दिवस मिळतात आणि पाठोपाठ ऑडिशन लागते. तेवढ्यात जात वैधता प्रमाणपत्र निघत नाही आणि विलंबित ख्यालही गळ्यावर चढत नाही. म्हणून तयारीला अकरावी संपतानाच लागा, निदान बारावीच्या दिवाळीत तरी.

एक गोष्ट पहिल्यापासून पक्की धरा. निवड समितीला तयार नट किंवा तयार गवई नको असतो. पुढची तीन-चार वर्षं शिकवलं तर ज्याच्यात फरक पडेल, असा विद्यार्थी तिला हवा असतो. ऑडिशनमध्ये मध्येच थांबवून ‘हेच आता वेगळ्या तऱ्हेने कर’ असं सांगतात, ते त्यासाठीच. घोटून घोटून एकाच चालीत बसवलेला उतारा अशा वेळी मोडून पडतो. पुढचे बहुतेक सल्ले याच एका गोष्टीभोवती फिरतात.

कुठे अर्ज करायचा

बारावीनंतर थेट पदवी करायची असेल तर सोलापूरकरांना सर्वांत सोयीचं ठिकाण म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं ललित कला केंद्र. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य हे तिन्ही विषय गुरुकुल पद्धतीने शिकवतात. जागा मोजक्या असतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा जुना विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा आहे. बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्‌सची फॅकल्टी आहे. तिची परंपरा १८८६ च्या गायनशाळेपर्यंत मागे जाते आणि तिथल्या वातावरणात मराठी विद्यार्थी लवकर रुळतो. नृत्यासाठी मुंबईचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आणि चेन्नईचं कलाक्षेत्र ही दोन नावं आधी पाहावीत. कलाक्षेत्र १९३६ पासून चालू आहे आणि भरतनाट्यम मनापासून करायचं असेल तरच तिकडे जावं.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची म्हणजे एनएसडीची स्वप्नं बारावीतच पडतात, पण तिथे पदवीशिवाय अर्ज करता येत नाही. साधारण अटी अशा: पदवी, वय १८ ते ३०, किमान ६ नाटकांत काम केल्याचा पुरावा, आणि हिंदी-इंग्रजी समजण्या-बोलण्याइतकी. त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात त्या ताडून घ्या. तेव्हा बारावीनंतरची तीन-चार वर्षं ही त्या सहा नाटकांची वर्षं समजा. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्‌सही पदवीनंतरचीच. ज्यांचा ओढा शाहिरी, लावणी, गोंधळ, भारुड यांकडे आहे त्यांनी मुंबई विद्यापीठाच्याच लोककला अकादमीची चौकशी करावी. राम जोशी आणि बार्शीचे अमर शेख यांच्या जिल्ह्यातल्या मुलांनी लोककलेला दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय मानू नये असं आम्हाला ठामपणे वाटतं.

घर सोडणं शक्य नसेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात ललितकला संकुलात जाऊन या वर्षी कोणते अभ्यासक्रम चालू आहेत ते प्रत्यक्ष विचारा. संकेतस्थळावरची यादी आणि वर्गात भरणारी तुकडी यांत फरक असू शकतो.

तीन अर्ज पुरे. एक मनातलं ठिकाण, एक राज्यातलं दुसरं आणि एक घराजवळचं. आठ-दहा ठिकाणी अर्ज टाकले की ऑडिशनच्या तारखा एकमेकींवर आदळतात, शुल्क वाया जातं आणि एकाही ठिकाणची तयारी धड होत नाही. खासगी ‘ॲक्टिंग अकॅडमी’ची जाहिरात पाहिली तर पहिला प्रश्न एकच विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? उत्तर गोलगोल आलं तर तो प्रमाणपत्राचा वर्ग आहे असं समजा. त्यावर शिष्यवृत्तीही मिळत नाही आणि पुढे एम.ए.लाही तो चालत नाही.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र, फोटो हे सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते पुढच्या कागदांवर. राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधताही लागते. ती जिल्हा समितीकडून यायला महिने लागतात, म्हणून बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर सेतूतून किंवा आपले सरकार केंद्रातून निघतात. मात्र त्यांची मुदत बघा, ३१ मार्चला संपलेला दाखला जूनमध्ये चालत नाही.

सर्वांत जास्त मुलं अडकतात ती केंद्राच्या नमुन्यावर. एनएसडीसारख्या केंद्र सरकारच्या संस्थेत ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. महाराष्ट्राचा दाखला कितीही खरा असला तरी तिथे चालत नाही. तहसील कार्यालयात अर्ज देतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात हवा’ असं स्पष्ट सांगा, कारण न सांगितल्यास राज्याचाच मिळतो.

नावाचा घोळ आधीच मिटवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आडनाव, आधारवर दुसरं, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत असतं. पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबांत घराण्याचं नाव आधी की नंतर यावरून, तर अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत नावाच्या स्पेलिंगवरून गोंधळ होतो. सगळीकडे दहावीच्या गुणपत्रिकेवरचंच नाव चालवा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

कलेचे पुरावे वेगळ्या फायलीत ठेवा. राज्य नाट्य स्पर्धा, बालनाट्य स्पर्धा, विद्यापीठाचा युवा महोत्सव, पुरुषोत्तम करंडक यांतल्या सहभागाची प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, कारण काही कार्यालयं लॅमिनेट केलेला मूळ कागद पडताळणीला घेत नाहीत. प्रत्येक नाटकासाठी चार गोष्टी लिहून ठेवा: नाटक, दिग्दर्शक, तुमचं काम, प्रयोगाची तारीख आणि ठिकाण. प्रमाणपत्र नसेल तर छापील पत्रिका किंवा संस्थेच्या लेटरहेडवर दिग्दर्शकाचं पत्र घ्या. हे पत्र प्रयोग झाल्यावर महिन्याभरात मागावं. दोन वर्षांनी संस्था बंद पडलेली असते आणि दिग्दर्शक पुण्याला गेलेला असतो.

नाटकाची ऑडिशन

साधारणपणे दोन उतारे मागतात, एकमेकांपासून वेगळ्या प्रकृतीचे. शिवाय एखादं गाणं, थोडी हालचाल, आयत्या वेळी दिलेला प्रसंग आणि मुलाखत. मोठ्या ठिकाणी पहिल्या चाळणीनंतर काही दिवसांची कार्यशाळा असते.

उतारा दोन मिनिटांचा म्हणजे साधारण अडीचशे शब्दांचा. त्याहून लांब निवडला की घाई होते, आणि घाईत पहिल्यांदा विराम मरतात. उतारा पूर्ण नाटकातून घ्या आणि ते नाटक शेवटपर्यंत वाचा. ‘याच्या आधीच्या प्रवेशात काय झालं?’ हा प्रश्न हमखास येतो. नाटकांच्या संहितांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालय आहेच. मोबाइलवर सापडणारे सुटे ‘मोनोलॉग’ टाळा. त्यांना मागचं-पुढचं काही नसतं, आणि समितीने तेच त्या आठवड्यात कितीदा तरी ऐकलेले असतात. चित्रपटातला संवादही नको, कारण तुमच्या नकळत तुम्ही त्या नटाची नक्कल करता.

पात्राचं वय तुमच्या आसपास असावं. अठराव्या वर्षी साठीतला बाप करायला गेलं की पाठ वाकते, आवाज थरथरतो आणि आत कोणी उरत नाही. दोन उताऱ्यांपैकी एक गंभीर आणि एक विनोदी असा सरधोपट जोड लावण्यापेक्षा एकात पात्राला समोरच्याकडून काही हवं असू दे आणि दुसऱ्यात ते काहीतरी लपवत असू दे. शरीर आणि आवाज आपोआप वेगळे होतात.

आपल्या भागातल्या मुलांची एक ठरावीक अडचण आहे आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करा. आपण एकांकिका स्पर्धांवर वाढतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या रंगमंचावर, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला, पार्श्वसंगीत आणि ब्लॅकआउटच्या आधाराने केलेला अभिनय अंगात भिनलेला असतो. ऑडिशनची खोली वर्गाएवढी असते, ट्यूबलाइट चालू असते आणि परीक्षक दहा फुटांवर बसलेले असतात. तिथे तोच आवाज आरडाओरडा वाटतो आणि संगीताशिवाय शेवटचं वाक्य लटकतं. उपाय सोपा आहे, पण महिनाभर करावा लागतो. घरच्या खोलीत, खुर्चीवर बसून, समोर एकच माणूस घेऊन उतारा बोला. त्याला ऐकू गेलं आणि पटलं की पुरे. मग उभं राहून, मग चालत. शेवटी तो उतारा तीन वेगळ्या सूचनांनी करून पाहा: ऐकणारा झोपलाय, ऐकणाऱ्याला तुमचा राग आलाय, तुम्हाला दोन मिनिटांत गाडी पकडायची आहे. सूचना बदलली आणि उतारा खरोखर बदलला, तर तयारी झाली असं समजा.

भाषेचं काय? प्रमाण मराठीत ण-न, ळ-ल, श-स नीट वेगळे यायला हवेत. घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलत असाल तर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन करून, ते रेकॉर्ड करून ऐका. पण ‘काय करलालास बे’ ही आपली बोली पुसून टाकू नका. एक उतारा प्रमाण भाषेत आणि दुसरा सोलापुरी बोलीत, किंवा मातृभाषा तेलुगू-कन्नड असेल तर तिच्यात करता येईल का, हे माहितीपत्रकात बघा. परवानगी असेल तर जरूर करा. जी भाषा पोटातून येते तिच्यात शरीर मोकळं असतं, आणि समितीला ते ताबडतोब दिसतं.

बाकीच्या बारीक चुका झटकन सांगतो. परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोलू नका, समोरचं पात्र त्यांच्या डोक्याच्या थोडं वर आणि बाजूला ठेवा. नसलेला चहाचा कप हवेत धरू नका, कपाची गरजच पडणार नाही असा उतारा घ्या. रडण्यावर उतारा संपवू नका. विसरलात तर माफी न मागता मागच्या वाक्यापासून धरा. कपडे साधे, एकरंगी, जमिनीवर बसता-लोळता येईल असे. मुलींनी ओढणी पिन करून ठेवावी.

अभिनयापलीकडेही दार आहे, हे फार थोड्यांना सुचतं. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा यांसाठी अर्ज करणारे कमी असतात. केलेल्या कामाचे दहा-पंधरा स्वच्छ फोटो, एका नेपथ्याचा १:५० प्रमाणातला आराखडा, एका प्रयोगाची लाइट क्यू शीट (कोणता दिवा कधी लावायचा-विझवायचा याची यादी) एवढं असलं तरी पोर्टफोलिओ उभा राहतो. हातमाग-यंत्रमागाच्या शहरातल्या मुलाला सूत, वीण, रंग लहानपणापासून दिसतात. वेशभूषेच्या वहीत कापडाचे खरे तुकडे चिकटवा आणि शेजारी त्यांची पडण्याची, घामाने भिजण्याची, दिव्याखाली दिसण्याची तऱ्हा लिहा.

संगीत आणि नृत्य

गायनासाठी एक राग नीट मांडता आला तर तीन अर्धवट रागांपेक्षा तो भारी ठरतो. यमन किंवा भूप साधा वाटतो म्हणून मुलं अवघड, अनवट राग घेतात आणि आलापातच उघडी पडतात. विलंबित एकतालातला बडा ख्याल आणि तीनतालातला छोटा ख्याल एवढी मांडणी दहा मिनिटांत बसवा. त्यात तानांना शेवटची दोन मिनिटं. ऑडिशन सकाळी लागते, म्हणून यमनबरोबर भैरव, अल्हैया बिलावल किंवा जौनपुरी असा सकाळचा एक रागही तयार ठेवा. स्वतःची पट्टी अर्जातच लिहा आणि तीच मागा. साथीदाराने दुसऱ्या पट्टीत पेटी धरली तर नम्रपणे थांबवून सांगायचं धाडस हवं. संकोचापोटी वरच्या पट्टीत गाणारी मुलं तार षड्जावर अडकतात.

गाणं झालं की समिती बहुधा स्वर गाऊन किंवा वाजवून दाखवते आणि तसेच म्हणायला सांगते, ठेका ओळखायला लावते, दुगुन म्हणजे दुप्पट लय मागते. रोज पंधरा मिनिटं कोणाला तरी पेटीवर चार-पाच स्वरांचे तुकडे वाजवायला सांगा आणि सरगम ओळखा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही परीक्षा पूर्ण झालेली असेल तर शास्त्राच्या प्रश्नांना बळ येतं. पण विशारद झालेलं मूल ऑडिशनला बेसूर लागलं तर प्रमाणपत्र त्याला वाचवत नाही. भावगीत-भक्तिगीत विचारल्याशिवाय सुरू करू नका.

तबल्याला तीनताल: पेशकार, एक कायदा चार-सहा पलट्यांसह, रेला, दोन तुकडे, चक्रदार. लहऱ्याशी लय सुटते का हेच पाहिलं जातं, म्हणून वेग कमी ठेवा. उन्हाळ्यात सोलापूरच्या कोरड्या हवेत चढवलेला तबला पुण्यात पाऊस पडला की उतरतो. हातोडी बरोबर घ्या आणि खोलीत शिरण्याआधी लावून घ्या.

कथकला तत्कार ठाह, दुगुन, चौगुन; थाट, आमद, तोडे, एक परण, गत; आणि पढंत. हाताने ताल धरून, तोंडाने बोल स्पष्ट म्हणणं बऱ्याच मुलींचं कच्चं राहतं आणि गुण तिथे जातात. भरतनाट्यमला अडवू तिन्ही काळांत आणि एक छोटा अभिनयाचा भाग. घुंगरांची दोरी आदल्या दिवशी तपासा.

व्हिडिओ मागवला तर

मोबाइल आडवा, छातीच्या उंचीवर, स्टँडवर. खिडकी तुमच्या समोर, पाठीमागे साधी भिंत. एकसलग चित्रण, कापाकापी नाही, आवाजावर इफेक्ट नाहीत. नृत्यात पावलं दिसायलाच हवीत. पंखा बंद करावा लागतो, म्हणून मे महिन्यात सकाळी सात वाजताच उरका. घराशेजारी यंत्रमाग चालत असतील तर शाळेचा वर्ग किंवा मंदिराचा सभामंडप मागून घ्या, कारण मागांची खडखड माइकला आवाजाइतकीच ठळक ऐकू येते. ड्राइव्हची लिंक पाठवताना ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ ही परवानगी द्या आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. परवानगीअभावी न उघडलेली लिंक म्हणजे न आलेला अर्ज.

जाणं आणि मुलाखत

पुण्याची ऑडिशन सकाळी असेल तर त्याच दिवशीच्या हुतात्मा एक्स्प्रेसवर भिस्त ठेवू नका. गाडी वेळेत पोचली तरी स्टेशनपासून विद्यापीठापर्यंतची वाहतूक आणि गळा गरम करायला लागणारा वेळ उरत नाही. आदल्या दुपारी निघा. मुंबईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून सकाळी गायचं असेल तर उतरल्यावर निदान तीन तास मोकळे हवेत, कारण एसी डब्यात घसा कोरडा पडतो. दही, थंड ताक, तळलेलं त्या दिवशी नको. कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी आपल्याला कितीही आवडली तरी शेंगदाण्याचा चुरा घशाला धरतो. ती परतीच्या डब्यात ठेवा.

मुलाखतीत ‘हेच क्षेत्र का?’ याला ‘लहानपणापासून आवड’ हे उत्तर कामाचं नाही. अलीकडे पाहिलेल्या एका प्रयोगाबद्दल किंवा मैफलीबद्दल तीन वाक्यं नेमकी सांगा: काय पाहिलं, काय पटलं, कुठे खटकलं. घरचा पाठिंबा आणि पैशाची सोय हे प्रश्नही येतात. खरं सांगा. गरिबीमुळे कोणी नाकारत नाही. मध्येच सोडून जाईल अशी शंका आली तर मात्र जागा दुसऱ्याला जाते.

पालकांशी बोलणं मुलाखतीच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका. त्यांच्यासमोर खर्चाचा कागद ठेवा: शुल्क, वसतिगृह, मेस, प्रवास, घुंगरू-तबल्यासारखी सामग्री. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर कोणत्या योजना त्या अभ्यासक्रमाला लागू आहेत ते विभागाच्या कारकुनाला विचारा, त्याला खरी माहिती असते. शास्त्रीय संगीत, नृत्य, नाटक शिकणाऱ्या १८ ते २५ वयाच्या मुलांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. धाकटं भावंड १० ते १४ वर्षांचं असेल तर सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती त्याच्यासाठी पाहा. सोलापूरच्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम करून पुढे एनएसडीला गेलेले अतुल कुलकर्णी हे घरच्यांना ओळखीचं नाव आहे. चर्चेत त्याचा उपयोग होतो.

निकाल लागल्यानंतर

यादी लागली की प्रवेश पक्का करायला अनेकदा दोनच दिवस असतात, म्हणून शुल्काची रक्कम खात्यात आधीच असावी. प्रतीक्षा यादीत असाल तर ई-मेलचा स्पॅम रोज बघा, अर्जात दिलेला मोबाइल नंबर बदलू नका आणि दर दोन दिवसांनी विभागात फोन करा. जागा सुटतात आणि फोन न उचलणाऱ्याला वगळून पुढच्याला बोलावतात.

तोवर सोलापुरातल्या महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश घेऊन ठेवा. मात्र शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करण्याआधी त्याच्या पाच साक्षांकित प्रती आणि स्वच्छ स्कॅन काढा, आणि प्रवेश रद्द केल्यास दाखला किती दिवसांत परत मिळतो, शुल्कातलं किती कापतात, हे लेखी विचारून घ्या. दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन प्रमाणपत्र लागू शकतं. त्याचा अर्ज नाव यादीत दिसल्याच्या दिवशीच करा.